सांतियागो रामोन इ काहाल

सांतियागो रामोन इ काहाल (१ मे १८५२ – १७ ऑक्टोबर १९३४) हे स्पॅनिश वैद्यक व ऊतिशास्त्रज्ञ होते. चेतासंस्था स्वतंत्र पेशींची बनलेली आहे, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना १९०६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांच्यासमवेत विभागून मिळाले. चेतातंतू वाढताना वाट कशी शोधतो आणि तुटल्यावर पुन्हा का वाढतो किंवा वाढत नाही, या प्रश्नांचा पायाही त्यांनीच घातला.

बालपण व शिक्षण

काहाल यांचा जन्म स्पेनच्या नावारा प्रांतातील पेतिया दे आरागोन या खेड्यात झाला. वडील शल्यचिकित्सक होते. मुलगा मात्र खोडकर होता आणि त्याला चित्रकलेचे वेड होते. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवल्याबद्दल त्याला लहानपणी कोठडीतही बसावे लागले. वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे व चांभाराकडे उमेदवारीस ठेवले. पुढे स्मशानातील हाडे आणून मुलाकडून त्यांची चित्रे काढून घेत त्यांनी त्याला शरीररचनेची गोडी लावली. चित्रकलेचा हा हात पुढे आयुष्यभर विज्ञानाच्याच कामी आला. १८७३ मध्ये सारागोसा येथून पदवी घेतल्यावर ते लष्करी वैद्य म्हणून क्युबाला गेले आणि हिवतापाने खंगून परतले. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वालेन्सिया, बार्सेलोना आणि १८९२ पासून माद्रिद येथे त्यांनी अध्यापन केले.

चेतापेशीचा सिद्धान्त

गॉल्जी यांनी शोधलेल्या रंजनपद्धतीत ऊतीवर पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट यांची प्रक्रिया केली जाते. त्यामुळे असंख्य पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण त्या शाखांसह संपूर्ण दिसतात. १८८७ मध्ये काहाल यांनी ही पद्धत पाहिली आणि तिच्यात सुधारणा केली. प्रौढ मेंदूच्या घनदाट जंगलाऐवजी त्यांनी पक्ष्यांचे व सस्तन प्राण्यांचे गर्भ निवडले. तेथे तंतू आखूड असतात आणि त्यांवर मायलिनचे आवरण चढलेले नसते. ही निवडच निर्णायक ठरली. चेतासंस्था हे एकसंध जाळे आहे, हे गॉल्जी यांचे मत. एका पेशीचा तंतू दुसरीजवळ येऊन थांबतो, तिच्यात मिसळत नाही, हे काहाल यांचे निरीक्षण. १८८८ मध्ये त्यांनी पदरच्या पैशाने स्वतःचे नियतकालिक काढले. पुढच्या वर्षी बर्लिनमधील परिषदेत काचपट्ट्या मांडून त्यांनी ज्येष्ठ शास्त्रज्ञ कोलिकर यांना आपलेसे केले. गॉल्जी यांनी मात्र नोबेल व्याख्यानातही जाळ्याचाच पक्ष मांडला. एकाच पारितोषिकाचे दोन मानकरी एकमेकांच्या विरुद्ध बोलले, असे प्रसंग विरळाच.

वृद्धिशंकू

१८९० मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मेरुरज्जूत वाढत्या तंतूच्या टोकाशी काहाल यांना शंकूच्या आकाराचा फुगवटा दिसला. त्यांनी त्याला वृद्धिशंकू म्हटले. त्यांच्यापुढे होती ती निर्जीव, रंगवलेली काचपट्टी. तरीही हा शंकू चाचपडत, अडथळे बाजूला सारत पुढे जात असावा, असे अनुमान त्यांनी केले. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भाची ऊती शरीराबाहेर वाढवून जिवंत तंतू सरकताना पाहिला, तेव्हा हे अनुमान खरे ठरले.

या शंकूला वाट कोण दाखवतो? श्वेतपेशी रासायनिक द्रव्यांकडे ओढल्या जातात, हे त्या काळी ठाऊक होते. त्या आधारे १८९२ मध्ये काहाल यांनी असे सुचवले, की लक्ष्यपेशी काही द्रव्ये स्रवतात व तंतू त्यांच्या दिशेने वाढतो. ही द्रव्ये कोणती, हे त्यांच्या हयातीत कळले नाही.

१९५० च्या दशकात रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांनी चेतावृद्धी घटक हे प्रथिन वेगळे काढले. त्यांना १९८६ चे नोबेल मिळाले. हे प्रथिन मुख्यतः विशिष्ट चेतापेशी जगवते व त्यांचे तंतू वाढवते. थेट वाट दाखवणारी नेट्रिन प्रथिने १९९४ मध्ये कोंबडीच्याच गर्भाच्या मेंदूतून मिळाली. वाट दाखवणारा या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून त्यांचे नाव ठेवले गेले. मराठीतील नेता हा शब्द त्याच धातूचा. काही प्रथिने शंकूला ओढतात, काही दूर लोटतात. नेट्रिन तर शंकूवरील ग्राहींनुसार दोन्ही कामे करते.

इजा आणि पुनर्वाढ

१९१३-१४ मध्ये काहाल यांनी चेतासंस्थेच्या ऱ्हासावर व पुनर्वाढीवर द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला. हातापायातील चेता कापली, तर पुढचा भाग नष्ट होतो, पण पेशीशी जोडलेल्या टोकातून नवे कोंब फुटतात. उरलेल्या श्वान पेशींच्या वाटेने ते जुन्या जागी पोहोचू शकतात. मेंदू व मेरुरज्जूत मात्र कोंब फुटतात, थोडे वाढतात आणि खुंटतात. प्रौढ मेंदूत काहीच पुन्हा उगवत नाही, या काहाल यांच्या निष्कर्षाचा उल्लेख फार होतो. हा कठोर निवाडा बदलणे भावी विज्ञानाच्या हाती आहे, असेही त्यांनी तेथेच लिहिले होते. ते बहुधा गाळले जाते, आणि त्यामुळे त्यांच्यावर अन्याय होतो.

त्यांचे शिष्य फ्रान्सिस्को तेयो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाकडील चेतेचा तुकडा रोवला, तेव्हा मेंदूतील तंतू त्यात शिरले. म्हणजे दोष केवळ पेशीचा नव्हता, परिसराचाही होता. हा प्रयोग अनेक दशके दुर्लक्षित राहिला. १९८१ मध्ये कॅनडात आग्वायो व डेव्हिड यांनी उंदरांवर नव्या तंत्राने तेच सिद्ध केले. मेंदूतील मायलिनमध्ये नोगो यासारखी वाढ रोखणारी प्रथिने असतात, हे त्यानंतर उलगडले. त्यांना निष्प्रभ करण्याचे प्रयत्न सुरू आहेत, पण मेरुरज्जूच्या गंभीर इजेवर खात्रीचा उपचार अजून हाती आलेला नाही.

अखेरची वर्षे

काहाल १९२२ मध्ये निवृत्त झाले, पण काम थांबले नाही. छायाचित्रण, कथालेखन व आत्मचरित्र हेही त्यांचे लेखनविषय होते. १९३० मध्ये पत्नीचे निधन झाले. चार वर्षांनी माद्रिद येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी हाताने काढलेली चेतापेशींची चित्रे आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात.