सागराला स्वदेशीची साद घालणारे श्रेष्ठी : शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या नगरीत जन्मलेल्या एका जैन व्यापारीपुत्राने भारताला आधुनिक जहाजबांधणीचा पहिला मोठा कारखाना दिला. शेठ वालचंद हिराचंद दोशी हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, धर्माने दिगंबर जैन. सराफी व कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे संस्थापक व समाजसुधारक म्हणून सर्वश्रुत होते. जन्मानंतर अल्पावधीतच मातृछत्र हरपले.

मुंबई व पुणे येथील महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडून वालचंद घरच्या पेढीवर बसले. परंतु वडिलोपार्जित व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून आलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा प्रवास पुढे भोर घाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचला. व्याजबट्ट्याच्या सुरक्षित उत्पन्नाऐवजी जोखमीचे काम पत्करणे हा त्यांचा स्वभावच होता.

इ. स. १९१९ मध्ये दिल्लीहून मुंबईस परतताना रेल्वेप्रवासात त्यांना ‘लॉयल्टी’ ही आगबोट विक्रीस असल्याचे समजले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी पहिल्या महायुद्धात ही बोट रुग्णालयासाठी दिली होती. वालचंदांनी शेठ नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांना सोबत घेतले आणि २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. त्या प्रस्थानाची स्मृती म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो.

तथापि हा आरंभ सुखाचा नव्हता. बोट जुनी होती; १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. इंग्रज कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर इतके खाली आणले की नव्या कंपनीचा निभाव लागणे दुरापास्त व्हावे. बाजारात मोठा व्यापारी लहानाला कसा संपवतो हे व्यापारी समाजास सांगावयास नको. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करून सिंदियाला आपल्या जहाजांच्या संख्येवर व मार्गांवर बंधने मान्य करावी लागली. वालचंदांना हा करार जाचक वाटे; परंतु कंपनी जिवंत राहिली, हेच त्या काळी मोठे यश होते. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे निधन झाले व कंपनीची धुरा वालचंदांकडे आली.

जहाजे चालवावयाची आणि ती बांधण्यासाठी मात्र परदेशाकडे पाहावयाचे, हे परावलंबन त्यांना सलत होते. जहाजबांधणीसाठी प्रथम कलकत्त्याचा विचार झाला. परंतु तेथील बंदराच्या अधिकाऱ्यांशी अटी जुळल्या नाहीत. मग पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम् हे डोंगराच्या आडोशाचे बंदर निवडण्यात आले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली.

दुसरे महायुद्ध चालू होते. यंत्रसामग्री मिळणे दुर्घट, सरकारची वृत्ती उदासीन. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम् वर बॉम्बफेक केली. काम थांबले व यंत्रसामग्री हलवावी लागली. भांडवल अडकून पडले, तरी संकल्प सोडला गेला नाही. युद्ध संपताच काम पुन्हा उभे राहिले आणि १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते सुमारे ८००० टन भारक्षमतेचे ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात सोडण्यात आले. स्वतंत्र भारतात बांधून पूर्ण झालेले ते पहिले मोठे जहाज होय.

परंतु येथेच खरी कसोटी होती. येथे बांधलेले जहाज इंग्लंडमधील जहाजापेक्षा महाग पडे. मागणी अपुरी, तोटा वाढता. एकट्या कंपनीस हा भार पेलणे अशक्य झाले. १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला व १९५० मध्ये ते कंपनीच्या कारभारातून निवृत्त झाले. जानेवारी १९५२ मध्ये हिंदुस्थान शिपयार्ड लिमिटेड ही नवी कंपनी स्थापन होऊन दोन तृतीयांश मालकी सरकारकडे गेली. १९६१ मध्ये संपूर्ण कारखाना सरकारी झाला व २०१० मध्ये तो संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आला.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे शेठजींनी देह ठेवला. बंगळूरचा विमान कारखाना, प्रीमियर मोटार कारखाना, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, वालचंदनगर व रावळगाव येथील साखर कारखाने हा त्यांचा अन्य व्याप. त्यांतील विमान कारखानाही त्यांच्या हयातीतच सरकारकडे गेला होता.

रोजमेळाच्या दृष्टीने पाहिले तर जहाज कारखाना हा तोट्याचा व्यवहार ठरतो. परंतु कारखाना टिकला, जहाजे बांधली गेली, हजारो कुटुंबांना अन्न मिळाले. मालकी सुटली, कार्य राहिले. आपल्या धर्मात परिग्रहाला मर्यादा घालण्याचा उपदेश आहे. शेठजींनी कारखाना व्रत म्हणून सोडला नाही, परिस्थितीने तो सोडावा लागला. तथापि ज्याचे फळ आपल्या हाती राहील याची शाश्वती नाही, असे काम त्यांनी अंगावर घेतले, ही गोष्ट विसरता येणार नाही. संस्था उभारणाऱ्या प्रत्येकाने हिशेबाच्या वहीत हे एक पान कोरे ठेवावयास हवे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.