अलीपूरच्या कोठडीतील श्रीअरविंद

साधकहो, मन सैरभैर झाले की आपली साधनाच फुकट गेली असे आपल्याला वाटू लागते. अशा वेळी श्रीअरविंदांचे १९०८ हे वर्ष आठवा.

१८७२ साली कोलकात्यात जन्म, इंग्लंडमध्ये शिक्षण, मग बडोद्यात नोकरी. प्राणायाम ते करीत होतेच. १९०८च्या आरंभी बडोद्यात विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्यांनी त्यांना साधनेला बसवले. विचार बाहेरून येतात, ते आत शिरण्याआधीच परतवून लावायचे, एवढेच शिकवले. तीन दिवसांत मन निःशब्द झाले. (आपले तीस वर्षांतही होत नाही!)

त्याच वर्षी मे महिन्यात बॉम्बखटल्यात त्यांना अटक झाली. अलीपूरच्या तुरुंगात सुमारे नऊ फूट लांबीची कोठडी, बोलायला माणूस नाही, सुरुवातीला पुस्तकही नाही. मुंग्यांकडे पाहत वेळ काढायचा. आणि पाहा, तेच शांत झालेले मन उधळले. विचार आवरेनात, बुद्धी भ्रष्ट होईल की काय, अशी भीती वाटू लागली. आपल्या बंगाली तुरुंगकथेत त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. योगी असून लपवले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांनी व्याकुळ होऊन ईश्वराला हाक मारली आणि अंतःकरण निवले.

पुढे गीता व उपनिषदे मिळाली, ध्यान रोजचे झाले. बचावाचा भार चित्तरंजन दासांवर सोपवून ते न्यायालयातही अंतर्मुख बसत. मे १९०९मध्ये ते निर्दोष सुटले. १९१०मध्ये पुदुच्चेरीला गेले आणि १९५०मध्ये देह ठेवीपर्यंत तिथेच साधनेत राहिले.