सायकलवाले लक्ष्मणराव

किर्लोस्कर हे नाव खानदेशात कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. चोपडा, रावेर, शहादा, कुठल्याही मळ्यात जा, विहिरीवरच्या पंपावर नाहीतर जुन्या इंजिनावर हे नाव दिसतंच. पण या नावामागचा माणूस कोण, असं आमच्या विंगमध्ये विचारलं तेव्हा बरेच जण गप्प बसले. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. जेम्स वॉट, स्टीफन्सन, एडिसन सगळे इंग्रजीतून पाठ केले. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर मला भेटले ते थेट कॉलेजच्या लायब्ररीत. आणि भेटले तेही कारखानदार म्हणून नाही, तर सायकलवाले म्हणून!

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र चित्रात आणि यंत्रात. वडिलांच्या मनात नसताना, थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या आधारावर, १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगांधत्व! आपल्यापैकी एखादा बॅग भरून घरी गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. पगार महिना ४५ रुपये. वर्ग सुटला की ते तिथल्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं हाताळायचे आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं वाचायचे. डिग्री नव्हती, पण शिकणं चालू होतं.

मुंबईत त्यांनी एक माणूस दोन चाकांवर बसून जाताना पाहिला आणि ते वाहन त्यांच्या डोक्यात बसलं. १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पाटी लावली, किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. विकून काम संपत नव्हतं, कारण चालवायची कशी हे कुणाला ठाऊक होतं? म्हणून रामूअण्णा शिकवायचेही. शिकवणीची फी १५ रुपये, म्हणजे लक्ष्मणरावांच्या पगाराचा तिसरा हिस्सा! तेव्हा लक्ष्मणरावांचं वय होतं एकोणीस. आपण त्या वयात सेकंड इयरच्या बॅकलॉगची चिंता करत असतो.

सायकलचा हा भाग वाचताना मी थांबलो, कारण सायकल काय चीज आहे ते मला तोरणमाळच्या घाटात कळलं होतं. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं मित्र बिनगियरच्या सायकली एसटीच्या टपावर टाकून शहाद्याला उतरलो आणि पहाटे तिथून निघालो. म्हसावदपर्यंत मजा होती. दोन्ही बाजूंना ऊस, पपई, थंडगार हवा, आणि गाणी म्हणायला दम शिल्लक. राणीपूरच्या पुढे सातपुडा सुरू झाला आणि गाणी आपोआप बंद झाली. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटर उंच. सात पायरी घाटात एकेक वळण संपलं की वर दुसरं दिसायचं. सीटवरून उठून, पूर्ण वजन पॅडलवर टाकून चढायचं आणि तेही नाही जमलं तर उतरून ढकलायचं. जो पुढे जाईल त्याने वळणावर थांबायचं, एवढाच आमचा नियम.

मधेच एकाच्या सायकलची कॉटर पिन ढिली झाली. पॅडल मारलं की क्रँक लटपटायचा. आमच्यात एक शिरपूरचा आहे, त्याच्या वडिलांचं वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. त्याने रस्त्याकडेला पडलेल्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, पिनेला गुंडाळली आणि दगडाने ठोकून बसवली. दहा मिनिटांत काम फत्ते! आम्ही तिघं मशीन डिझाइनमध्ये कॉटर जॉइंटचं गणित सोडवून पास झालेलो. पट्टी किती जाड हवी हे मात्र त्याच्या बोटांना कळलं. दुपारी यशवंत तलावाच्या काठी बसून चौघांनी घरून आणलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा संपवला, तेव्हा ती पिन जागच्या जागी होती.

सायकलला झाकण नसतं. चेन, फ्रीव्हील, बेअरिंग, ब्रेक, सगळं उघड्यावर. ताकद कुठून निघाली आणि कुठे पोचली हे डोळ्यांनी दिसतं. लक्ष्मणरावांसारख्या माणसाच्या हाती ते यंत्र पडलं हा नुसता धंद्याचा भाग नव्हता, ती त्यांची शाळाच होती असं मला वाटतं.

इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. सायकलच्या दुकानाशेजारी कडबा कापायची यंत्रं तयार होऊ लागली आणि मग लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता, घ्यायला कुणी तयार नव्हतं. लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं! रोज सकाळी दुकान उघडायचं, आपण केलेली वस्तू तशीच पडलेली पाहायची आणि तरी तिच्यात सुधारणा करत राहायचं. माझ्या मते या माणसाचा खरा घाट हाच होता.

धंदा जरा रुळावर येतोय तोवर नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितलं. कारखाना उचलून न्यायचा कुठे? तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे नुसता माळ, निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

तिथे त्यांच्याबरोबर कोण गेलं ते पाहण्यासारखं आहे. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार घेतला. शंभोराव जांभेकर यंत्रं सांभाळायचे, मंगेशराव रेगे हिशेब. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण डोक्याने पक्के इंजिनिअर. रात्रीच्या पहाऱ्यावर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघंही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले! लक्ष्मणरावांनी सर्टिफिकेट कुणाचं पाहिलं नाही, जात आणि पूर्वीचा गुन्हाही पाहिला नाही. विश्वास टाकला आणि तो वाया गेला नाही. एकट्याने हा माळ हिरवा झाला नसता.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. नांगरामागून उसाचे चरक आले, शेंगा फोडायची यंत्रं आली, हातपंप आले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर सुरू केलं, जे पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घरोघरी गेलं. मुलगा शंतनुराव यांनी १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची पदवी घेतली. पंप आणि डिझेल इंजिनांचं कामही त्याच सुमारास सुरू झालं. म्हणजे आपल्या मळ्यातल्या पाण्याची गोष्ट सायकलच्या दुकानातून निघते.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीलाही आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर उभं केलेलं जळताना पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढलं.

आता आमच्या होस्टेलवर प्लेसमेंटचे दिवस आले आहेत. ज्याला त्याला पुणं दिसतंय आणि त्यात वाईट काहीच नाही. लक्ष्मणरावांनीही आधी नोकरीच केली. पण नोकरीत असताना हात काळे करणं त्यांनी सोडलं नाही, म्हणून नोकरी सुटली तेव्हा ते रिकामे झाले नाहीत. आमचा शिरपूरचा मित्र मात्र खरंच पेचात आहे. घरचे म्हणतात नोकरी कर, इंजिनिअर झालास ते दुकानात ठोकाठोकी करायला का? आणि त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळी ड्रॉइंग्ज केळीच्या बागेत उपयोगी पडेल अशा एका गाड्याची. काय करावं हे त्याला सांगणारा मी कोण? घाटात सायकल ज्याची त्यालाच चढवावी लागते. मित्रांनी फक्त वळणावर थांबायचं.

लक्ष्मणरावांचं ते पुस्तक सध्या त्याच्या खोलीत आहे. कार्ड माझं, रिन्यूही मीच करतो.