भिंतीवर सही नव्हती
डहाणू-तलासरीच्या पाड्यांत लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवासिणींनी भिंतीवर कधी आपले नाव घातले नाही. घर ओळखीचे, हात ओळखीचा. सही हवी कोणाला?

चित्रकार भास्कर कुलकर्णी येथे आले आणि ती गरज निर्माण झाली. १९६६ च्या सुमारास, बिहारच्या दुष्काळात, पुपुल जयकरांनी त्यांना मधुबनीला धाडले होते. तेथील स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला, की चित्रे विकून चूल पेटावी. सत्तरच्या दशकारंभी हेच काम त्यांनी वारली पाड्यांत केले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचे सामर्थ्य त्यांनी ओळखले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांचे प्रदर्शन भरले. अनामिक कलेला माणसाचे नाव लाभले.

१९८३ साली कुलकर्णी गेले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने कलेचे नाव राखले. पण समोरचे चित्र कोणाच्या हातचे, हे त्यावरून कळत नाही. गुरूचे चित्र, शिष्याचे चित्र, छापील पडदा, तिन्ही खुशाल विकावीत. मात्र कोणते काय, हे विकणाऱ्याने आधी सांगावे. ते लपवले, की गिऱ्हाईक फसते आणि पाड्यावरच्या हाताचा मोबदला बुडतो.