पांढरी चादर, दगडी बंधारा आणि फाळके

रविवारी सकाळी तुम्ही चौघं दोन गाड्या काढून निफाडहून नांदूरमध्यमेश्वरला गेलात. गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथला तो दगडी बंधारा, पुढं पसरलेलं पाणी, पाण्यात बंधाऱ्याचं उलटं चित्र. फोन काढला, पटकन फोटो मारला. घरी येऊन बघता तर आभाळ पांढरंफट्ट, दगड काळेकुट्ट आणि प्रतिबिंबाच्या जागी नुसता चिखल. मग तुम्ही ठरवता, फोन जुना झालाय, आता नवा घ्यायला हवा.

थांबा. पैसे खर्च करायच्या आधी एका माणसाची गोष्ट ऐका. माणूस आपल्याच जिल्ह्यातला, आणि तुम्ही जिच्या काठावर उभे होतात त्याच नदीच्या उगमाजवळ जन्मलेला.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. तुम्हाला ते दादासाहेब फाळके म्हणून माहीत आहेत, पहिला सिनेमा, मोठा पुरस्कार वगैरे. पण सिनेमा त्यांच्या आयुष्यात आला तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. त्याआधीची वीसेक वर्षं त्यांनी काय केलं, हे फारसं कुणी सांगत नाही. ती वर्षं फोटो काढण्यात, चित्रं काढण्यात आणि छपाईच्या शाईत गेली.

वडील संस्कृतचे विद्वान, घरी दाजीशास्त्री म्हणून ओळखले जायचे. मुलानं पोथ्या पुढं चालवाव्यात अशी रीत. मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि पुढं बडोद्याच्या कलाभवनात. तिथं तेलरंग, जलरंग, वास्तुकला, मातीकाम, जे मिळेल ते शिकला. इमारतींची मॉडेल्स करायचा. हे लक्षात ठेवा. इमारत कशी उभी असते, तिचं वजन कुठून कुठं उतरतं, हे ज्याच्या हाताला कळलंय तो तिच्यासमोर कॅमेरा घेऊन वेगळ्या तऱ्हेनं उभा राहतो. तुम्ही बंधाऱ्याचा फोटो काढताना फोन थोडा वर झुकवलात की उभ्या कडा एकमेकींवर कलंडतात, बघितलंय ना? फोन सरळ धरा, चार पावलं मागं जा. फ्रेममध्ये नको ते जास्त आलं तर नंतर कापता येतं.

शिक्षण संपल्यावर गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथं प्लेग आला. पत्नी गेली, मूल गेलं. फाळके गोध्रा सोडून बडोद्याला परतले आणि पुन्हा स्टुडिओ थाटला. तो चालेना, कारण लोकांत अफवा पसरली होती की कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होतं. आपल्याला आज हसू येतं. त्यांना रोजची भाकरी दिसत होती.

१९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई. त्यांच्याकडं आपण परत येणार आहोत, कारण माझ्या मते या गोष्टीतला निम्मा उजेड त्यांचा आहे.

१९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले, फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. म्हणजे जुन्या वास्तूंचे फोटो आणि आराखडे हे पगाराचं काम झालं. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिकाटणं आणि काचेच्या प्लेटा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या काचेत बघायचं, तर वास्तू उलटी दिसायची, खाली डोकं वर पाय. ही अडचण वाटते खरी, पण ती उत्तम शाळा होती. चित्र उलटं झालं की मंदिर मंदिर राहत नाही, नुसते काळे-पांढरे आकार उरतात, आणि कुठली बाजू जड झालीय ते लगेच कळतं. प्रतिबिंबाचा फोटो काढल्यावर फोन उलटा करून बघा. पाण्यातलं चित्र वर आल्यावरही फ्रेम तोललेली वाटली, तर ठेवा. नाहीतर परत काढा.

आता उजेडाचा हिशेब. फाळक्यांच्या वेळी मीटर सर्रास नव्हते. डोळ्यानं अंदाज घ्यायचा आणि डार्करूममध्ये उत्तर मिळायचं. त्यांचं गणित आपल्या उलट होतं. निगेटिव्हवर सावलीतलं काही उमटलंच नाही तर ते कायमचं गेलं, म्हणून सावली सांभाळायची. तुमच्या फोनमध्ये उजेड जळाला तर तो कायमचा जातो, म्हणून आभाळ सांभाळायचं. फोन सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो, त्यात काळा दगड जास्त असला की फोटो उजळवत नेतो आणि आभाळ पांढरं पडतं. आभाळाच्या कडेला बोट दाबून धरा, लॉक होऊ द्या, मग उजेडाची पट्टी हळूच खाली ओढा. दगड थोडा काळा दिसला तरी चालेल, तो नंतर उजळवता येतो.

पाण्यातलं चित्र खऱ्यापेक्षा नेहमी मंद असतं, कारण बराच प्रकाश पाण्यात आत शिरतो. पण नजर जितकी पाण्याच्या पातळीजवळ नेाल तितका जास्त प्रकाश परतून येतो. म्हणून उभ्यानं फोटो काढू नका. बसा, फोन गुडघ्याच्या खाली आणा. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नाही, बंधाऱ्यावरच करा. प्रतिबिंबही डोळ्याला तितक्याच लांबून येतं. आणि वारा सुटायच्या आत, पहाटे जा.

फाळक्यांनी तीनेक वर्षांत सरकारी नोकरी सोडली. स्वदेशीचे दिवस होते. लोणावळ्याला छापखाना काढला, मग तो दादरला आला, यंत्रं बघायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. पुढं भागीदारांशी बिनसलं आणि ते बाहेर पडले, रिकाम्या हातानं. त्याच सुमारास मुंबईत तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला आणि डोक्यात किडा शिरला. महिनोन्‌महिने रोज तासन्‌तास सिनेमे बघणं, झोप नाही, आणि एक दिवस दिसेनासं झालं. ज्याचं सगळं पोट डोळ्यावर, त्याचे डोळे गेले. डॉक्टरांच्या उपचारानं आणि चष्म्यांनी नजर परत आली. तुम्ही-आम्ही असतो तर तिथंच थांबलो असतो. यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. दोन आठवड्यांत तिथलं तंत्र बघितलं, विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि परत आले.

पैसा लावणाऱ्यांना पटवायला त्यांनी काय शूट केलं असेल? कुंडीतलं एक रोप. कॅमेरा एका जागी बसवला, महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं, आणि मिनिटभरात बी फुटून वेल वर चढताना दिसला. ती फिल्म म्हणजे ‘अंकुराची वाढ’. कर्ज मिळालं.

मग ‘राजा हरिश्चंद्र’. कॅमेरा चालवायला फाळक्यांनी त्र्यंबकचाच मित्र घेतला, त्र्यंबक तेलंग, आणि त्याला स्वतः शिकवलं. आणि सरस्वतीबाई? दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं. शूटिंग चालू असताना त्या भर उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहायच्या. चादरीवरचं ऊन नटांच्या सावलीतल्या चेहऱ्यावर पडायचं. वर सांगितलं ना, सावली सांभाळायची! विजेचे दिवे नव्हते, ही चादरच दिवा होती. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. बोर्डावर नाव फाळक्यांचं होतं.

त्याच वर्षी फाळके कुटुंबासह नाशिकला आले. ‘लंकादहन’ सारखे पौराणिक चित्रपट चाललेच होते, पण मधूनमधून त्यांनी छोटे माहितीपटही केले. नाशिक-त्र्यंबकचे देखावे टिपले, वेरूळची लेणी टिपली. पुरातत्त्व खात्यातला फोटोग्राफर काही त्यांच्यातून गेला नव्हता.

बोलपट आल्यावर त्यांचा काळ सरला. ‘गंगावतरण’ हा १९३७ चा त्यांचा शेवटचा चित्रपट. नंतरची वर्षं त्यांनी नाशिकमध्ये, बऱ्यापैकी विसरलेल्या अवस्थेत काढली. १६ फेब्रुवारी १९४४ ला तिथंच ते गेले.

येत्या रविवारी बंधाऱ्यावर जाल तेव्हा मित्राला फोटोत उभं करायचं असेल आणि सूर्य त्याच्या पाठीमागं असेल, तर घरून एक जुनी पांढरी चादर न्या. चौघांपैकी एकानं ती धरायची. पक्ष्यांपासून लांब उभे राहा, ते पाणथळ रामसर यादीत आहे, राज्यातलं पहिलं. आणि चादर कुणी धरायची यावर भांडण झालं, तर आळीपाळीनं धरा.