सात विरुद्ध सहा

फेब्रुवारी १७०९. व्हेनिसमधल्या ‘पिएता’ नावाच्या अनाथाश्रमात विश्वस्तांची बैठक भरली होती. विषय रुटीन होता. व्हायोलिन मास्तरांना आणखी एक वर्ष ठेवायचं की नाही? मतदान झालं. बाजूने सहा, विरोधात सात. मास्तरांची नोकरी गेली. त्या मास्तरांचं नाव अँटोनियो विवाल्दी.

हो, तोच. ‘फोर सीझन्स’वाला. नाव माहीत नसलं तरी त्याचा ‘स्प्रिंग’ तुम्ही नक्की ऐकलाय. जाहिरातीत, सिनेमात, नाहीतर कस्टमर केअरवाल्यांनी होल्डवर ठेवलं की कानात वाजतो तो. एवढी जगप्रसिद्ध धून लिहिणारा माणूस राजेशाही थाटात जगला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो जवळपास आयुष्यभर कॉन्ट्रॅक्टवर होता.

विवाल्दीचा जन्म व्हेनिसमध्ये ४ मार्च १६७८चा. वडील आधी न्हावी होते, मग व्हायोलिनवादक झाले आणि शहरातल्या मानाच्या सेंट मार्क चर्चच्या वाद्यवृंदात लागले. मुलाच्या हातात व्हायोलिन त्यांनीच दिलं. पण घरात तोंडं बरीच, कमाई बेताची. अशा घरातल्या हुशार मुलाला पुढे जायचा एक खात्रीचा रस्ता होता : पाद्री होणं. पंधराव्या वर्षी त्याचं धर्मशिक्षण सुरू झालं आणि १७०३मध्ये, पंचविशीत, तो पाद्री झाला. केस लालभडक. त्यामुळे व्हेनिसभर त्याचं नाव पडलं ‘इल प्रेते रोस्सो’, म्हणजे लाल पाद्री. पण छाती दाटून येण्याचा त्रास त्याला जन्मापासून होता. लवकरच त्याने मास म्हणणं थांबवलं. म्हणजे झगा पाद्र्याचा आणि काम व्हायोलिनचं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला पिएतात नोकरी लागली. पगार वर्षाला ६० डुकाट.

आता या जागेबद्दल थोडं सांगायलाच हवं. नको असलेली, न सांभाळता येणारी बाळं लोक पिएताच्या दारी गुपचूप ठेवून जात. मुलगे मोठे झाले की एखादा धंदा शिकून बाहेर पडत. मुली मात्र तिथेच राहत आणि त्यातल्या निवडक मुलींना संगीत शिकवलं जाई. त्या गात, व्हायोलिन, चेलो, बासरी, सगळं वाजवत. चर्चमध्ये त्यांचे कार्यक्रम होत ते वरच्या सज्जात, जाळीच्या आड. ऐकायला युरोपभरातून पाहुणे येत, त्यांच्या देणग्यांवर आश्रम चाले. श्रोत्यांना सूर ऐकू यायचे, चेहरे नीट दिसायचे नाहीत. लग्न करून बाहेर पडायचं तर चारचौघांत वाजवणं सोडावं लागे.

या मुलींना आडनावं नव्हती. मग ओळख वाद्यावरूनच. आना मारिया ‘दाल व्हिओलिन’, म्हणजे व्हायोलिनवाली आना मारिया. ही विवाल्दीची सगळ्यात गाजलेली शिष्या. तिच्यासाठी त्याने कितीतरी कॉन्चेर्तो लिहिले. कॉन्चेर्तो म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकीचा ताफा त्याच्याशी कधी संवाद करतोय, कधी भांडतोय अशी रचना. तिच्या हाताखाली वापरलेली स्वरलिपीची वही आजही शिल्लक आहे. पुढे ती पिएतातच शिक्षिका झाली.

तेव्हा आजच्यासारखा हातात काडी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नव्हता. वाद्यवृंद चालवायचा तो पहिल्या व्हायोलिनवाल्याने, स्वतः वाजवता वाजवता. विवाल्दी शिकवायचा, लिहायचा, तालमी घ्यायचा आणि ताफाही सांभाळायचा. हाताशी रोज सराव करणाऱ्या तयारीच्या वादक मुली. आज सुचलं, उद्या वाजवून बघितलं. अशी प्रयोगशाळा कुठल्या संगीतकाराला मिळते?

आणि तरीही दरवर्षी मतदान. १७०९मध्ये एका मताने तो बाहेर पडला. १७११मध्ये त्याच विश्वस्तांनी एकमताने परत बोलावलं. त्याच वर्षी आम्सटरडॅमच्या प्रकाशकाने त्याचा ‘लेस्ट्रो आर्मोनिको’ हा बारा कॉन्चेर्तोंचा संग्रह छापला आणि त्याचं नाव युरोपभर झालं. जर्मनीत बाखने त्यातले काही कॉन्चेर्तो ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी स्वतः बसवून घेतले. बाखसारखा माणूस ज्याच्याकडून शिकत होता, त्याची नोकरी १७१६मध्ये पुन्हा मतं कमी पडून गेली. त्याच वर्षी पुन्हा मिळाली, तीही वरच्या पदावर.

एका पगारावर भागणार नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून १७१३पासून तो ऑपेरात उतरला. तिथे तो नुसता संगीत देत नव्हता, गायक ठरवणं, पैसे लावणं, नफातोटा सोसणं, सगळं करायचा. काही वर्षं मांटुआच्या दरबारी काम केलं. १७२३मध्ये पिएताने त्याला नवं काम दिलं : महिन्याला दोन कॉन्चेर्तो. प्रत्येकी एक सोन्याचं नाणं. व्हेनिसमध्ये असेल तेव्हा तालमी घ्यायच्या. गावाबाहेर असेल तर रचना पाठवायच्या, पण टपालखर्च संस्थेवर टाकायचा नाही! पुढच्या सहा वर्षांत या कामातून १४०च्या आसपास कॉन्चेर्तो तयार झाले. त्याच्या एकूण कॉन्चेर्तोंची संख्या ५००च्या घरात जाते. काही जण नाक मुरडतात, म्हणतात सगळे एकसारखेच. ज्याला दर पंधरा दिवसांनी डेडलाइन आहे त्याच्याबद्दल हे बोलणं सोपं आहे.

‘फोर सीझन्स’ छापून आलं १७२५मध्ये. चार ऋतू, चार कॉन्चेर्तो आणि प्रत्येकासोबत एक कविता. ‘स्प्रिंग’च्या संथ भागात मेंढपाळ झोपलाय आणि व्हायोला मध्येमध्ये दोन सूर जोरात काढतं. ते त्याचं भुंकणारं कुत्रं आहे. ‘विंटर’मध्ये थंडीने दात वाजतात ते व्हायोलिनवर ऐकू येतं. आता माहीत झालंय तर परत एकदा ऐकून बघा.

मग वारं फिरलं. नेपल्सच्या संगीतकारांची फॅशन आली. विवाल्दीच्या ऑपेरात गाणारी आना जिरो त्याच्या सोबत प्रवास करायची, त्यावर कुजबुज होतीच. १७३७मध्ये फेराराच्या कार्डिनलने त्याला शहरात यायलाच बंदी केली. कारणं दोन : हा पाद्री मास म्हणत नाही, आणि ही बाई. तिथल्या ऑपेराच्या सीझनमध्ये त्याचे पैसे अडकले होते.

१७४०च्या मे महिन्यात त्याने पिएताला वीस कॉन्चेर्तो विकले आणि व्हेनिस सोडलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी नवं शहर, व्हिएन्ना. तिथला सम्राट चार्ल्स सहावा त्याच्या संगीताचा चाहता होता. पण ऑक्टोबरमध्ये सम्राटच वारला. दुखवट्यात थिएटरं बंद. जून १७४१मध्ये विवाल्दीने आपल्या काही रचना एका सरदाराला बारा फ्लोरिनला विकल्या. महिन्याभरात, २८ जुलैला, तो गेला. गरिबांसाठी असतो तसा साधा अंत्यविधी झाला. जिथे पुरलं ती दफनभूमी आता नाही. त्या जागी आज व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाची इमारत आहे.

पुढची पावणेदोनशे-दोनशे वर्षं विवाल्दी म्हणजे बाखच्या चरित्रातली तळटीप. १९२६च्या सुमारास इटलीतल्या पिएमोंते भागातल्या एका धार्मिक शाळेने पैशांची गरज म्हणून जुने संगीतग्रंथ विकायला काढले आणि किंमत ठरवायला तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला विचारलं. प्राध्यापक आल्बेर्तो जेंतिली यांनी उघडून पाहिलं तर आत विवाल्दीची हस्तलिखितं, गठ्ठेच्या गठ्ठे! ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ नावाच्या शेअर दलालाने ती विकत घेऊन ग्रंथालयाला दिली, आपल्या वारलेल्या लहान मुलाच्या, माउरोच्या स्मरणार्थ. खंडांचे क्रमांक तुटक होते, म्हणजे उरलेला निम्मा भाग कुठेतरी होता. तो जेनोवाच्या एका उमराव घराण्याकडे सापडला. १९३०मध्ये फिलिप्पो जोर्दानो या कापड उद्योजकाने तोही विकत घेऊन दिला. त्यांचाही लहान मुलगा वारला होता. त्याचं नाव रेंझो.

दोन्ही मिळून सुमारे ४५० रचना. आज आपण ऐकतो तो विवाल्दी बराचसा या कपाटांतून बाहेर आलाय. आईबापांनी दारात सोडलेल्या मुलींसाठी त्याने आयुष्यभर लिहिलं, आणि मुलं गमावलेल्या दोन बापांनी ते राखलं. तुरिनच्या ग्रंथालयात त्या खंडांवर आजही नावं आहेत ती या दोन मुलांची : माउरो फोआ आणि रेंझो जोर्दानो.