ॲलन ह्यूम : काँग्रेसच्या संस्थापकाचे पक्षी



राष्ट्रीय सभेची स्थापना कधी आणि कोठे झाली, हा प्रश्न आपण दर वर्षी वर्गात घेतो. २८ डिसेंबर १८८५, मुंबई, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, ७२ प्रतिनिधी, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. आणि पुढाकार कोणाचा? ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. मुलं पाठ करतात, एक गुण पडतो आणि ह्यूम साहेब पुढच्या वर्षीपर्यंत पुस्तकात बंद होतात. पण त्याच १८८५ साली हा माणूस सिमल्याच्या आपल्या बंगल्यातून हजारो पक्ष्यांची कातडी आणि अंडी पेट्यांत भरून लंडनला पाठवत होता, हे पुस्तकात येत नाही. आज त्या ह्यूम यांची ओळख करून घेऊ.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश संसदेतले जहाल सुधारक म्हणून गाजलेले. तरुणपणी ते कंपनीच्या सैन्यात डॉक्टर होते. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळी दमट झालेली बंदुकीची दारू पुन्हा वापरण्याजोगी करून दिली, म्हणून त्यांचं नाव झालं. म्हणजे बघा, या घराण्याचा आपल्या इतिहासाशी संबंध जुना आहे, आणि सुरुवातीला तो आपल्या बाजूचा नव्हता!

मुलगा १८४९ मध्ये सनदी नोकरीत दाखल होऊन हिंदुस्थानात आला आणि आजच्या उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात रुजू झाला. पुढे त्या जिल्ह्याचा कारभारच त्याच्या हाती आला. इथलं त्यांचं एक काम आपल्या जिव्हाळ्याचं आहे. त्यांनी जिल्ह्यात मोफत प्राथमिक शाळा काढल्या. १८५७ पर्यंत १८१ शाळा आणि ५,१८६ विद्यार्थी झाले होते. त्यात मुली किती? फक्त दोन. मला यातला शेवटचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. १८१ शाळा उघडता येतात, पण घरातून मुलगी बाहेर काढणं किती अवघड होतं, ते या दोनावरून कळतं.

मग १८५७ चा उठाव झाला. ह्यूम यांना इटावा सोडून आग्र्याला जावं लागलं, नंतर तुकड्या उभ्या करून ते लढलेही. ते इंग्रज सरकारचे अधिकारी होते आणि सरकारच्याच बाजूने लढले, हे झाकण्यात अर्थ नाही. मात्र उठाव मोडल्यावर इतर जिल्ह्यांत सूडाचा जो कहर झाला, त्या मानाने त्यांनी हात आखडता ठेवला. या धामधुमीत त्यांचा एक खासगी ठेवा नष्ट झाला. नोकरीच्या सुरुवातीपासून जमवलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह पूर्ण गेला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पक्षिशास्त्र हा त्यांचा पेशा कधीच नव्हता. पगार मिळायचा तो महसुलाच्या कामाचा. १८६७ मध्ये त्यांना अंतर्गत जकातीचे आयुक्त नेमलं. त्या काळी मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून सुमारे अडीच हजार मैलांची जकात-रेषा आखलेली होती, आणि तिच्या बऱ्याच भागावर चक्क जिवंत काटेरी झाडांचं कुंपण वाढवलं होतं. गरिबाच्या ताटातल्या मिठावर पहारा ठेवणारी ही नोकरी. तिच्या फिरतीत, सांभर सरोवराच्या काठी वगैरे, साहेब पक्षी टिपत होते. पुढे ते महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव झाले. १८७९ मध्ये शेतीविषयक धोरणावर स्पष्ट टीका केल्यामुळे त्यांना त्या पदावरून खाली आणलं गेलं. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले.

सिमल्याला जाखू टेकडीवर रॉथनी कॅसल नावाचा त्यांचा बंगला होता. त्यात त्यांनी स्वतःच्या खर्चाने पक्ष्यांचं संग्रहालय उभं केलं. संग्रहालय म्हटलं की काचेमागे पेंढा भरलेला मोर आपल्या डोळ्यांसमोर येतो. हे तसं नव्हतं. तेव्हा चांगली दुर्बीण नव्हती आणि छायाचित्रंही नव्हती, म्हणून पक्षी ओळखायचा तर मारावाच लागे. मग कातडं अलगद सोडवायचं, कीड लागू नये म्हणून आतून सोमलयुक्त साबण लावायचा, कापूस भरायचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, कोणी मिळवला. असे नमुने कपाटांच्या खणांत ओळीने निजवलेले असत. ह्यूम यांचा चिठ्ठीवर फार कटाक्ष होता. चिठ्ठी नसेल तर ते नुसतं मेलेलं पाखरू. नमुना कसा घ्यावा, कसा बांधावा, कसा पाठवावा, यावर त्यांनी १८७४ मध्ये एक छोटं मार्गदर्शक पुस्तकच काढलं.

ते कोणासाठी? इथे त्यांच्या कामाची खरी गोम आहे. एवढ्या मोठ्या देशातले पक्षी एका माणसाला नोंदवता येणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी सिंध, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मणिपूर अशा मोहिमा स्वतः केल्या, डेव्हिसन यांच्यासारखा पगारी संग्राहक ठेवून त्याला ब्रह्मदेशाच्या दक्षिणेकडे पाठवलं. पण मोठा भरवसा होता तो जागोजागी विखुरलेल्या हौशी लोकांवर. कोणी कलेक्टर, कोणी जंगल अधिकारी, कोणी रेल्वेचा इंजिनिअर, कोणी मिशनरी. त्यांना पत्रं लिहायची, शंका विचारायच्या, चुकलं तर कडक शब्दांत सुनवायचं (साहेब या बाबतीत तिखट होते), आणि आलेली माहिती छापायची. त्यासाठी त्यांनी १८७२ मध्ये स्ट्रे फेदर्स, म्हणजे विखुरलेली पिसं, नावाचं नियतकालिक सुरू केलं. नाव किती समर्पक आहे बघा.

आपल्या भागातले लोकही त्यात आहेत. अहमदनगरचे मिशनरी फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर परिसरातल्या पक्ष्यांची यादी १८७६ मध्ये तिथे छापली. डेव्हिडसन आणि वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिलं. विडाल यांची दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी १८८० मध्ये आली, ती तर शंभरेक पानांची आहे. तुमची शाळा कोकणात किंवा घाटमाथ्यावर असेल, तर तुमच्या अंगणातल्या पक्ष्यांची छापील नोंद बहुधा याच नियतकालिकात पहिल्यांदा झाली असेल. एक गोष्ट मात्र खटकते. प्रत्यक्ष रानात वाट दाखवणारे, घरटी शोधणारे, कातडी सोडवणारे हात बहुतेक इथल्याच माणसांचे होते आणि त्यांची नावं चिठ्ठ्यांवर क्वचितच सापडतात.

या सगळ्यातून ह्यूम यांना एक मोठा ग्रंथ लिहायचा होता. हिंदुस्थानातल्या प्रत्येक पक्ष्याचं जीवनवृत्त. सुमारे ७०० जातींविषयी कमी-अधिक पूर्ण लेख लिहून झाले होते. आणि एकदा ते सिमल्याबाहेर असताना घरातल्या एका नोकराने संग्रहालयात शिरून हस्तलिखितं काढली आणि रद्दीत विकली. एक-दोन वह्या नव्हे, मणांनी कागद. चोरी लक्षात यायला कित्येक महिने गेले, तोपर्यंत बाजारात त्या कागदांच्या पुड्या होऊन गेल्या असणार. अगदी थोडे परत मिळाले. यातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. नोकराने मोठ्या आकाराचे, पूर्ण लिहिलेले ताव तेवढे नेले, बारीकसारीक टिपणांच्या चिठ्ठ्या तिथेच ठेवल्या. बरोबरच आहे, रद्दीवाला चिठ्ठ्यांचं काय करणार? वीसेक वर्षांचं पक्कं लेखन वजनावर गेलं आणि कच्ची टिपणं उरली.

त्या नोकराचं नाव कुठे सापडत नाही. त्याला काय पगार होता, हेही नाही.

त्यात सिमल्याच्या पावसात दरड कोसळून संग्रहालयाचं नुकसान झालं. दमट हवा आणि किडीपायी हजारो नमुने टाकून द्यावे लागले. ह्यूम खचले. दरम्यान ते थिऑसॉफीकडे वळले होते, शाकाहारी झाले होते आणि नमुन्यांसाठी पक्षी मारणंही त्यांनी सोडलं होतं. शेवटी सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला विनामूल्य देऊन टाकला. १८८५ मध्ये म्युझियमचे बाऊडलर शार्प स्वतः सिमल्याला आले. सुमारे ८२,००० नमुने ४७ प्रचंड पेट्यांत बांधले गेले. उरलेली टिपणंही त्यांनी यूजीन ओट्स यांच्या हवाली केली आणि त्यांतून ओट्स यांनी भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर तीन खंड सिद्ध केले. स्वतःचा तो मोठा ग्रंथ ह्यूम यांनी पुन्हा लिहायला घेतला नाही.

त्याच वर्षअखेर मुंबईची सभा भरली. खरं तर ती पुण्यात व्हायची होती. पटकीची साथ आली म्हणून जागा बदलली. त्याआधी १ मार्च १८८३ ला ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना पत्र लिहून देशासाठी काम करणारी पन्नास माणसं मागितली होती. मग पुन्हा तेच. प्रांतोप्रांतीच्या लोकांना पत्रं, भेटी, माहितीची देवाणघेवाण. पक्ष्यांसाठी जी पद्धत वापरली, तीच इथे माणसांसाठी वापरली, असं मला तरी वाटतं. काँग्रेस ही सरकारला हवी असलेली सुरक्षा-झडप होती की नाही, हा वाद दहावीच्या पुढे मुलांना भेटतोच, त्यात आज शिरत नाही. पण वर्गात तो वाद घेताना हा माणूस आधीची पंधरा-वीस वर्षं काय करत होता, हे माहीत असलेलं बरं.

१८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले. तिथे वनस्पतींचा नाद लागला. १९१० मध्ये स्वतःचे पैसे घालून त्यांनी सामान्य लोकांना वनस्पतिशास्त्र शिकता यावं म्हणून दक्षिण लंडनमध्ये एक संस्था काढली, ती आजही चालू आहे. ३१ जुलै १९१२ ला ते वारले. बातमी आली तेव्हा इटाव्याचा बाजार बंद राहिला.

आता त्या चिठ्ठ्यांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. १८७२ मध्ये ब्लूइट नावाच्या हौशी संग्राहकाने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागातून एक लहान घुबड पाठवलं. ह्यूम यांनी पुढच्या वर्षी ते नवी जात म्हणून जाहीर केलं आणि नाव ब्लूइट यांचं दिलं. हाच आपला रानपिंगळा. नंतर डेव्हिडसन यांना तो खानदेशात मिळाला. १८८४ नंतर मात्र तो कोणालाच खात्रीने दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने होते. त्यांतला एक कर्नल माइनर्ट्सहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने म्युझियममधून चोरला आणि त्यावर १९१४, गुजरात अशी खोटी चिठ्ठी लावली. तिच्यावर विसंबून झालेले शोध फुकट गेले. पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासून ही लबाडी उघडी पाडली, खोटी चिठ्ठी बाजूला केली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं तेवढी धरली. त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत आधी छत्तीसगडकडच्या जुन्या जागी जाऊन आल्या. काही मिळालं नाही. मग खानदेश. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, एका निष्पर्ण झाडावर, भर सकाळच्या उन्हात रानपिंगळा बसलेला होता. तब्बल ११३ वर्षांनी.

पुढे तो तोरणमाळला आणि मेळघाटातही सापडला. ब्लूइट यांनी पाठवलेला पहिला नमुना इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयात आहे, चिठ्ठीसकट.